नव्वदाव्या दिवसाचा फोन

दुपारी अडीच ते चार ही माझी फोन करायची वेळ. सकाळी केला तर दूध, पाणी, शाळेची घाई. संध्याकाळी केला तर टीव्हीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. अशाच एका दुपारी इंदापूरकडच्या एका गावात फोन लावला. ज्यांच्यासाठी तो होता त्या काकांना पॅरालिसिसचा झटका येऊन बरोबर नव्वद दिवस झाले होते. फोन काकूंनी उचलला.

"काका स्वतःचं स्वतः करतात का, काकू?"

"कुठलं हो ताई! सगळं मीच बघते."

"म्हणजे काय काय?"

"आंघोळीचं पाणी काढते, कपडे काढून ठेवते, ताट वाढते, चहा हातात देते. गोळ्यापण मीच देते."

मी फॉर्मवर ३ लिहिले. आधाराशिवाय चालता येतं, पण रोजच्या कामात थोडी मदत लागते, असा त्या आकड्याचा अर्थ. फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, "आणि झटका यायच्या आधी हे कोण करायचं?"

काकू हसायलाच लागल्या. "अहो, लग्न झाल्यापासनं मीच करते की! त्यांनी कधी चहाचं आधण ठेवलंय व्हय?"

मी पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. काकू घरी नसतील तर काय होतं? कळलं की मागच्याच आठवड्यात त्या दोन दिवस माहेरी गेल्या होत्या. काका घरी एकटेच राहिले. शेजारून डबा आला, तो वाढून घेतला, विहिरीवर जाऊन मोटार चालू करून आले. गोळ्या डबीतून आपल्या हातानं घेतल्या. फक्त औषधाचा पंप पाठीवर घेऊन फवारणी करणं आता जमत नव्हतं. मी ३ वर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही, तारीख, आणि २ लिहिले. आमच्याकडे खाडाखोड करायची ती अशीच. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मेंदूविकार विभागात मी रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. शिक्षण एमएसडब्ल्यूचं. डॉक्टर ज्याला स्ट्रोक म्हणतात, वर्तमानपत्रं पक्षाघात म्हणतात आणि आमच्या ओपीडीत पॅरालिसिस म्हणतात, त्याला गावाकडची जुनी माणसं अजून 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. मेंदूला रक्त पोचवणारी नळी गुठळीनं बंद होते, किंवा फुटते. त्यावरच्या औषधांचे, व्यायामांचे, काळजी घेण्याच्या पद्धतींचे अभ्यास चालतात आणि माझं काम त्यांचे कागद सांभाळण्याचं. संमतीपत्र वाचून दाखवायचं, पहिल्या दिवशीची माहिती भरायची, आणि नव्वदाव्या दिवशी फोन करून माणूस कुठवर आला ते एका आकड्यात लिहायचं.

त्या आकड्याची पट्टी ग्लासगोचे डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ साली मांडली. तेव्हा तिला पाच पायऱ्या होत्या. पुढे शून्य आणि सहा जोडले गेले. शून्य म्हणजे काहीच त्रास उरला नाही. एक म्हणजे बारीकसारीक लक्षणं आहेत, पण सगळी कामं होतात. दोन म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही, तरी स्वतःचं स्वतः निभावतं. तीन वर सांगितलंच. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला. सहाबद्दल पुढे सांगते.

नवीन नोकरीला लागले तेव्हा मला प्रश्न पडायचा, इतके दिवस थांबायचं कशाला? दुसऱ्याच दिवशी हात हलला की नाही, ते बघून मोकळं व्हावं. आमच्या विभागातल्या डॉक्टरांनी मला १९९५ सालच्या अमेरिकेतल्या चाचणीची गोष्ट सांगितली. ६२४ रुग्ण होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तीन तासांच्या आत निम्म्यांना दिलं, निम्म्यांना नुसतं पाणी. २४ तासांनी ठरलेल्या मापानं मोजलं तर दोन गटांत म्हणावा असा फरक दिसेना. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा इंजेक्शन मिळालेल्यांत जवळजवळ पूर्ण बरं होण्याची शक्यता निदान ३० टक्क्यांनी जास्त निघाली. त्याच औषधानं मेंदूत गंभीर रक्तस्राव झालेले ६.४ टक्के होते आणि नुसतं पाणी मिळालेल्यांत ०.६ टक्के, हेही त्याच कागदात लिहिलेलं होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून मग ठरवायचं. पुढे २००८ साली युरोपातल्या चाचणीनं ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. एक दिवस थांबून सोडून दिलं असतं, तर ते औषध तेव्हाच बाजूला पडलं असतं. तेव्हापासून नव्वदाव्या दिवसाच्या फोनचा मी कंटाळा केला नाही.

फोनचा एक नियम आहे. रुग्णाला कोणता उपचार मिळाला, हे मला कळता कामा नये; कळलं तर माझा हात नकळत झुकेल. म्हणून मी सुरुवातीलाच सांगते, "दादा, काय औषध दिलं, काय व्यायाम शिकवले, ते मला सांगू नका हं." आणि दादा लगेच म्हणतात, "नाही सांगत. पण ते व्यायामाचं पुस्तक दिलेलं ना, त्यानं लई फरक पडला बघा." मग तो फोन तिथेच थांबवायचा आणि दुसऱ्या सहकाऱ्याला करायला सांगायचा.

काकूंच्या त्या हसण्यानंतर मी माझे प्रश्न बदलले. म्हणजे पट्टी तीच, विचारायची रीत बदलली. 'मदत लागते का' हा प्रश्न आपल्या घरांत फसतो. पुरुषाला मदत लागो न लागो, ती मिळतेच. बाईच्या बाबतीत उलटंही होतं. बारामतीजवळच्या एका आजींचा फोन आठवतो. सून म्हणाली, "त्या काहीच करत नाहीत आता." मी आजींना फोन द्यायला सांगितलं. आजींनी आवाज खाली आणला. "करत न्हाई न्हवं, करू देत न्हाईत. भाकरीला हात लावला की पोरगं वरडतंय."

"येते का पण भाकरी?"

"या की एकदा, दाखवते."

पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा आजी पिशवीत फडक्यात बांधून दोन भाकऱ्याच घेऊन आल्या. मुलगा उसाच्या कामावर गेला होता, तेवढ्यात थापल्या म्हणे. एक कड जाड, एक पातळ, मध्ये बोटांचे ठसे खोल. आमच्या फिजिओथेरपिस्टनं भाकरी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. पीठ मळायला मनगट लागतं, थापताना पंजा सपाट ठेवून भाकरी फिरवावी लागते, आणि परातीतून उचलून तव्यावर टाकताना दोन्ही हातांनी एकाच वेळी तोल सांभाळावा लागतो. उजव्या हाताची जोराची थाप बसली नव्हती, ते त्या ठशांवरून दिसत होतं. पण उचलून तव्यावर टाकता आली होती. कुठल्याही फॉर्ममध्ये भाकरीला जागा नाही. मी शेरा म्हणून एका ओळीत लिहून ठेवलं.

परक्या मापाची अडचण पहिल्या दिवसापासूनच असते. झटका किती मोठा आहे ते ठरवायला शून्य ते बेचाळीस गुणांची एक अमेरिकी तपासणी जगभर वापरतात. तिच्यात बोलणं तपासायला चित्रांचं एक पान असतं: हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस, आणि दोन झाडांना बांधायची जाळीची झोळी. दुसऱ्या चित्रात एक बाई भांडी पुसतेय, बेसिन भरून पाणी खाली सांडतंय आणि मागे पोरगा स्टुलावर चढून फडताळातली बिस्किटं काढतोय. हे पान सोलापूरकडच्या एका शेतमजूर काकांपुढे धरलं होतं. किल्ली म्हणाले, खुर्ची म्हणाले, निवडुंगाला 'फड्या' म्हणाले. हातमोज्याकडे बघून गप्प. त्यांना शब्द सापडेना, की ती वस्तूच कधी हातात घातली नव्हती? शिकाऊ डॉक्टर गुण कापणार, इतक्यात त्यांची मुलगी म्हणाली, "ऊसतोडीला जातात ते. उघड्या हातानं कोयता चालवतात." काकांनी झोळीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि नीट, स्पष्ट म्हणाले, "पोराला निजवायची." गुण कापले नाहीत.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र अगदी साधा आहे. कधी झालं? पहिल्या वर्षी मी त्यात चुकले. पहाटे एका माणसाला आणलं. मुलगा म्हणाला, "सहाला झालं." मी वेळेच्या चौकटीत ६.०० लिहिले. घड्याळात सात वीस झाले होते. म्हणजे साडेचार तासांतले तीन तास दहा मिनिटं हातात. स्कॅनची धावपळ सुरू झाली. आमच्या मॅडम आल्या आणि त्यांनी मुलाला एकच विचारलं, "सहाला झालं, की सहाला दिसलं?"

मुलगा गोंधळला. सहाला मोरीशी पडलेले दिसले होते. त्याआधी? रात्री साडेदहाला बातम्या बघून झोपले, तेव्हा चांगले होते. मधल्या साडेसात तासांत कधी काय झालं, ते कुणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी घड्याळ शेवटचं नीट पाहिलं तिथून धरतात, म्हणजे साडेदहापासून. इंजेक्शनची वेळ कधीच निघून गेली होती. माझ्या सहावर विसंबून ते दिलं असतं तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका विनाकारण वाढला असता. (आता खास स्कॅन करून काही निवडक रुग्णांना उशिरानंही उपचार देता येतात, गुठळी तारेनं ओढून काढता येते, पण ती सोय मोजक्या ठिकाणी आहे.) त्या दिवसानंतर मी 'किती वाजता' असं विचारत नाही. दूध कोणी घेतलं, चहाचा कप कुठल्या हातात धरला होता, कारखान्याच्या पहिल्या भोंग्याला उठले होते का, शेवटचा फोन कुणाला केला, असं विचारते. घड्याळाची वेळ त्यातून निघते. एका मावशींची वेळ आम्ही त्यांच्या मोबाइलवरून काढली. ५.४२ ला त्यांनी बहिणीला फोन करून लग्नाचं बोलणं केलं होतं, अगदी नीट. सहाला तोंड वाकडं झालं. त्या साडेसातला पोचल्या आणि त्यांना इंजेक्शन मिळालं.

वेळ जाते ती रस्त्यात कमी आणि घरात जास्त. कांदा हुंगवणं, मालिश करणं, अमक्या गावच्या औषधाला नेणं. एका रुग्णाच्या खांद्याला कबुतराचं रक्त चोळलेलं होतं. स्कॅनच्या टेबलावर ते वाळून पापुद्रे पडत होते. त्यांना मी हसत नाही. माझ्या आजोबांनाही ते चोळलं होतं आणि तेव्हा आमच्या तालुक्यात स्कॅनचं यंत्रच नव्हतं.

मग येतो 'का झालं' याचा फॉर्म. २०१० साली २२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं, की दहा कारणं धरली तर स्ट्रोकच्या धोक्याचा सुमारे ९० टक्के हिशोब लागतो, आणि त्या दहांत रक्तदाब सगळ्यात पुढे. भारतही त्या देशांत होता. पण ही दहा कारणं माणसाच्या तोंडून काढणं हे वेगळंच काम.

"तंबाखू खाता का, मावशी?"

"छे! कधीच नाही."

"मिश्री लावता?"

"ती होय, ती दातांना लावते की. सकाळ, दुपार, झोपताना."

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण मावशींच्या लेखी ती दंतमंजन. तोच प्रकार बीपीच्या गोळ्यांचा. 'बीपी आहे का' विचारलं की 'होतं' असं उत्तर येतं. होतं, म्हणजे? गोळी घेतली, बीपी बरोबर आलं, मग गोळी बंद केली. कायमची सवय नको म्हणून. कुणी डोकं दुखलं तरच घेतं. डोकं तर बीपी वाढल्यावर बहुतेकांचं दुखतही नाही. दोनशेच्या वर बीपी घेऊन स्वतः मोटारसायकल चालवत आलेला माणूस मी पाहिला आहे; तो वडिलांना दाखवायला आला होता.

लोक विचारतात, या सगळ्या कागदांतून निघतं काय? कधी कधी 'फरक नाही' असं निघतं. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक अभ्यास झाला. निकाल २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. घरच्याच माणसाला व्यायाम शिकवायचे आणि त्यानं घरी करून घ्यायचे, अशी कल्पना. फिजिओथेरपिस्ट गावोगाव कुठून आणणार, म्हणून मला ती फार पटली होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के माणसं दगावलेली किंवा परावलंबी होती. ४७ आणि ४७. दुसऱ्या अभ्यासात ३१ केंद्रांवर ४२९८ रुग्ण होते. १२ भाषांत व्हिडिओ, मोबाइलवर संदेश, घरी भरायची पुस्तिका. २०२३ साली निकाल आले. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं नाही. दारू आणि धूम्रपान सोडणारे मात्र थोडे वाढले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं. आता वाटत नाही. घरच्यांना शिकवून भागेल असं आधीच धरून चाललो असतो, तर फिजिओथेरपिस्टच्या जागा भरायची गरज नाही, असं कुणीतरी सहज म्हणालं असतं. आता तसं म्हणता येत नाही. आणि मला इंदापूरच्या काकू आठवतात. न शिकवताच त्या किती करत होत्या! 'नेहमीची काळजी' म्हणून ज्या गटाशी तुलना होते, त्या गटातही अशा काकू बसलेल्या असतात. हे माझं म्हणणं, अभ्यासाचं नव्हे.

राहिला सहा. सहा म्हणजे माणूस गेला. मुंबईत २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या रुग्णांची नोंद ठेवली होती; पहिला झटका आलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले होते. हे ठाऊक असूनही फोन करताना मी सहाची तयारी ठेवत नाही, ती ठेवता येत नाही. एकदा फलटणकडचा नंबर लावला. सुनेनं उचलला. "आत्या गेल्या, ताई. मागच्या सोमवारी बारावं झालं." मी 'बरं, ठेवते' म्हणाले. ती म्हणाली, "थांबा, तुमचा कागद अडेल. तारीख लिहून घ्या." आणि तिनं तारीख सांगितली, काय झालं ते सांगितलं, शेवटच्या दिवशी गोळ्या दिल्या होत्या की नाही, तेही सांगितलं. मी सहा लिहिले. माझ्या टेबलावरचा सगळ्यात पूर्ण भरलेला फॉर्म तो असेल.

न भरलेले फॉर्म वेगळेच छळतात. मुलानं सिम बदललेलं असतं, घरमालक बदललेला असतो. म्हणून मी प्रत्येकाकडून तीन नंबर घेते: घरचा, लेकीचा, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा. दुकानाचा नंबर सहसा बदलत नाही. अलीकडे नवीनच अडचण आली आहे. अनोळखी बाईचा आवाज, 'तुमची तब्येत कशी आहे' असा प्रश्न. लोकांना बँकेच्या फसवणुकीचा फोन वाटतो आणि ते कापतात. असा एक फोन कापला गेला की एका माणसाच्या तीन महिन्यांची नोंद कोरी राहते. अशा बऱ्याच नोंदी कोऱ्या राहिल्या, तर औषध चांगलं की वाईट ते कळतच नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, एक हात गळला, बोलणं जड झालं, तर आधी घड्याळ बघा. शेवटचं नीट कधी पाहिलं होतं ती वेळ, दुधाचा हिशोब लिहिता त्या कॅलेंडरवर लिहा आणि त्याचा फोटो काढून घ्या. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

आणि एखाद्या अभ्यासात नाव दिलं असेल, तर तीन महिन्यांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन येईल. तो उचला. आम्ही ओटीपी मागत नाही. घरात चहा कोण करतं आणि आधी कोण करायचं, एवढंच विचारतो.